रोपे नव्हे, खोडे मोजा

कोल्हापूरच्या आसमंतातील उसाच्या शेतकऱ्याला त्याच्या बांधावर गाठून यंदाच्या पिकाविषयी विचारले, तर किती टिपऱ्या लावल्या किंवा किती बेटे उगवली हे तो सांगत बसत नाही, तो सरीत उतरतो, पावलांनी अंतर धरून त्यातले ऊस मोजतो, मनाशी गुणाकार करतो आणि म्हणतो, "एकरी चाळीस हजार बसतील बघा." चाळीस हजार ऊस, दर उसाचे वजन अडीच किलो, म्हणजे एकरी शंभर टन, हा हिशेब या ऊसपट्ट्यात पाढ्यासारखा मुखोद्गत आहे. त्या चाळीस हजारांसाठी जाणता शेतकरी दीड-दोन महिन्यांच्या लागणीतला जेठा कोंब निष्ठुरपणे मोडतो, कारण तो मोडल्यावाचून बाजूचे फुटवे एका वयाचे आणि एका जाडीचे निघत नाहीत. आणि हवे तेवढे फुटवे उभे राहिले, की मोठी बांधणी करून, म्हणजे बुडख्याला मातीची भर चढवून, मागाहून येणाऱ्या फुटव्यांना तो अटकाव करतो. कोणता कोंब मोडायचा, कोणते राखायचे, किती राखायचे आणि कोठे थांबायचे, या चारही बाबींचा निवाडा त्याने कोणत्याही कचेरीत न जाता आपल्या शेतातच करून ठेवलेला असतो.

याच शेतकऱ्याने बांधापलीकडच्या अर्ध्या एकरात पुष्कळदा टोमॅटो केलेला असतो. तेथे त्याला तोच प्रश्न विचारावा, उत्तर येते, "साडेतीन हजार रोपं हाईत." त्या साडेतीन हजार रोपांवर आज खोडे किती उभी आहेत, साडेतीन हजार, सात हजार की वीस हजार, याचा अंदाज ना त्याच्यापाशी असतो, ना त्याला औषधांची चिठ्ठी लिहून देणाऱ्या दुकानदारापाशी. उसाच्या फडात खोडे मोजणारा मनुष्य टोमॅटोच्या सरीत पाऊल टाकताच रोपे मोजू लागतो, आणि आपली निम्मी विद्या बांधावर ठेवून येतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य एवढेच, की टोमॅटोच्या शेतीत आणि घरच्या परसातही खोडे मोजण्याचा शिरस्ता पडावा, आणि एका रोपावर किती खोडे राखावीत हे शेजाऱ्याच्या सरीकडे पाहून न ठरता आपण उभारू शकतो त्या आधाराच्या ताकदीवरून ठरावे.

या झाडाला आधार लागतो ही गोष्ट त्याच्या नावातच नमूद होती. आपण ते नाव टाकून दिले म्हणून ती विसरलो. 'टोमॅटो' हा शब्द मेक्सिकोतील नाहुआट्ल भाषेतल्या 'तोमात्ल' या शब्दापासून स्पॅनिश भाषेच्या वाटेने जगभर पसरला. परंतु जुन्या वनस्पतिकोशांत या झाडाचे मराठी नाव 'वेलवांगी' असे दिलेले आढळते, आणि आपल्या सीमेला लागून असलेल्या कानडी मुलखात त्याला 'चप्परबदने', म्हणजे मांडवावरचे वांगे, असे म्हणत. परदेशातून आलेल्या या पाहुण्याला ज्यांनी ही नावे दिली, त्यांनी त्याच्या स्वभावातील वर्म अचूक हेरले होते. वांग्याच्या कुळात जन्मूनही हे झाड वांग्यासारखे स्वतःच्या पायांवर उभे राहत नाही. वेलासारखे लांबत जाते, पण काकडीसारखे ताणे त्याला नाहीत आणि घेवड्यासारखे काठीला वेटोळे घालण्याची विद्याही त्याला अवगत नाही. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील त्याचे रानटी भाऊबंद जमिनीवर लोळतच वाढतात, आणि त्यांची फळे बोराएवढी असल्यामुळे त्यांना त्यात काही उणेही वाटत नाही. शंभर-सव्वाशे ग्रॅमचे फळ मनुष्याने त्याच्या अंगावर लादले, त्या दिवसापासून त्याला उभे ठेवण्याची जबाबदारीही मनुष्याच्याच शिरावर आली.

आता हे खोड म्हणजे नेमके काय, ते जरा जवळून पाहू. अमर्याद वाढीच्या जातीत रोपाला आठ-दहा पाने आली, की वाढत्या शेंड्याचेच रूपांतर पहिल्या फुलोऱ्यात होते, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाहता खोड तेथे समाप्त होते. परंतु त्या फुलोऱ्याच्या लगत खाली असलेल्या पानाच्या बगलेतून एक कोंब एवढ्या जोमाने सरसावतो, की फुलोऱ्याला बाजूस सारून तोच शेंड्याची जागा घेतो. पुढे सामान्यतः तीन पानांनंतर त्याचीही समाप्ती फुलोऱ्यात होते, आणि त्याच्या बगलेतील कोंब कारभार हाती घेतो. म्हणजे ज्याला आपण एकच सरळ खोड समजतो, ती वस्तुतः एकामागून एक गादीवर आलेल्या बगलफुटींची मालिका असते. ज्या कोल्हापूर नगरीच्या गादीवर कागलकर घाटग्यांच्या घरातून १८८४ साली दत्तक आलेल्या राजाने लोकोत्तर कारभार करून दाखविला, त्या नगरीला शाखेचे खोड कसे होते हे अधिक पटवून द्यावे लागू नये. या रचनेमुळेच पहिल्या फुलोऱ्याखालच्या बगलेतून निघणारी फूट सर्व बगलफुटींत बळकट असते, आणि दुसरे खोड राखावयाचे तर माळी डोळे मिटून तीच राखतो. त्याहून खालच्या, मातीलगतच्या फुटी त्याने काढून टाकाव्यात, कारण पावसाच्या थेंबाने उडालेली चिखलाची माती आणि तिच्याबरोबर करपा प्रथम त्यांच्याच अंगावर चढतो.

एका रोपावर एकच खोड आणि बाकी सर्व फुटी खुडून टाकणे, ही पद्धत काचगृहांच्या शेतीतून आपल्याकडे आली, आणि तिचे गुण निर्विवाद आहेत. फळ मोठे आणि लवकर येते, हवा खेळती राहते, फवारा पानाच्या पाठीपर्यंत पोहोचतो, तोडणाऱ्या हाताला फळ चटकन दिसते. परंतु एका पद्धतीचे गुण गाता गाता तिचे शास्त्र बनले, की तिच्या उगमाचा विसर पडतो. ज्या नेदरलँड्समध्ये हे तंत्र सर्वाधिक परिणत झाले, तेथील काचगृहांत हिवाळ्यातील मंद प्रकाशात दर चौरस मीटरला थोडी खोडे ठेवून पीक उभे करतात, आणि वसंतात दिवस मोठा होऊन प्रकाश वाढू लागला, की काही रोपांवर एकेक बगलफूट मुद्दाम राखून त्याच जागेतील खोडांची संख्या वाढवितात. शिवाय कलमी रोप महाग पडते म्हणून त्याचा शेंडा लहानपणीच खुडून एका मुळावर दोन समान खोडे घेण्याची रीत तेथे सर्रास आहे. जेठा कोंब मोडण्याची आपली रीत आणि ही रीत यांत तत्त्वतः अंतर ते काय! ज्यांच्याकडून आपण एका खोडाचा मंत्र घेतला, ते स्वतः मात्र प्रकाशाचा जमाखर्च पाहून एकाची दोन खोडे करतात. कारण त्यांच्या मोजणीचे मूळ एकक रोप नसून खोड आहे.

हाच जमाखर्च आपल्या एकराला लावून पाहू. चार फुटांच्या सरीत फुटाफुटावर रोप लावले, तर एकरात १०,८९० रोपे बसतात, आणि एकेकच खोड राखले तर तितकीच खोडे. आता तेच रोप दोन फुटांवर लावून प्रत्येकी दोन खोडे राखली, तर रोपे निम्मी, म्हणजे ५,४४५ लागतात, परंतु खोडे मात्र १०,८९० च उभी राहतात. संकरित बियाणे ग्रॅमच्या भावाने आणि रोप नगाच्या भावाने विकत घ्यावे लागते अशा काळात निम्म्या रोपांची ही बचत क्षुल्लक नाही; कलमी रोपे घेणाऱ्याच्या बाबतीत तर तीच निर्णायक ठरावी. या सौद्यात काही द्यावे लागत नाही असे मात्र नव्हे. दुसरे खोड पहिल्याच्या मागून निघते, म्हणून त्याचा पहिला घोस काही दिवस उशिरा रंगतो. फळ किंचित लहान राहण्याचा संभव असतो. आणि एक रोप मेले तर दोन खोडांची जागा रिकामी होते. पहिल्या तोड्याचा चढा भाव गाठण्यासाठी ज्याची धडपड आहे त्याने एकच खोड ठेवावे, हे उघड आहे. परंतु आपल्याकडे घडते ते निराळेच. दीड फुटांवर, म्हणजे एकरी ७,२६० रोपे लावायची, त्यांच्या बगला पहिले दोन-तीन आठवडे कसोशीने साफ ठेवायच्या, मग मजूर मिळेनासे झाले किंवा उसाची भांगलण आडवी आली म्हणून त्या तशाच सोडून द्यायच्या, आणि तीन-तीन, चार-चार खोडांचे जंगल माजले की औषधाच्या पंपाने त्याचा बंदोबस्त करू पाहायचा, असा हा शिरस्ता आहे. या शेतकऱ्याला कोणी विचारले, तर आपण एकखोडी पद्धत करतो असेच तो प्रामाणिकपणे सांगेल. त्याच्या शेतात मात्र पंचवीस हजार खोडे एकमेकांच्या सावलीत उभी असतात.

माझ्या स्वतःच्या अज्ञानाचा दाखला येथे दिला नाही, तर हा सारा उपदेश कोरडा पाषाण ठरेल. काही वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून मी परसासाठी बारा रोपे आणली आणि पुस्तकात वाचल्याप्रमाणे त्यांच्या बगलफुटी दर आठवड्याला मोठ्या निष्ठेने खुडू लागलो. रोपे कमरेच्याही खाली असताना त्यांची वाढ एकाएकी थांबली, शेंड्याला फुलोरा आला आणि त्यावर आणखी काही फुटेना. ती रोपे मर्यादित वाढीच्या जातीची होती. अशा जातीत दोन फुलोऱ्यांमधील पानांची संख्या उत्तरोत्तर कमी होत जाऊन शेवटी शेंडाच फुलोऱ्यात संपतो आणि पुढे कोणीही वारस राहत नाही. झाडाचे पुढचे सारे उत्पन्न त्या बगलफुटींवरच यावयाचे असते, ज्या मी स्वहस्ते खुडून टाकल्या होत्या. हा गुण १९१४ साली अमेरिकेतील फ्लॉरिडात एका झाडावर आपोआप प्रकट झाला आणि पुढे जगभरच्या प्रक्रियेच्या टोमॅटोत तो उतरविला गेला, हे मी नंतर वाचले. परंतु त्या वर्षी आमच्या घरच्या कोशिंबिरीला त्या वाचनाचा उपयोग झाला नाही. म्हणून खोडे मोजण्याआधी जात विचारावी, हा पहिला नियम. मर्यादित वाढीच्या जातीत पहिल्या फुलोऱ्याखालच्या फुटी काढून वरच्या सर्व राखाव्यात. तेथे खोडे मोजण्यापेक्षा त्यांना पडू न देण्याचीच चिंता अधिक.

दुसऱ्या वर्षी अमर्याद वाढीची रोपे मिळाली, आणि पहिल्या वर्षीच्या पश्चात्तापापोटी मी एकही फूट खुडली नाही. एकेका रोपाला चार-चार, पाच-पाच खोडे सुटली. त्या सगळ्यांना मिळून मी कारवीची एकेक काठी दिली होती. मे महिन्याच्या अखेरीस एका संध्याकाळी वळवाने गाठले. अर्ध्या तासात पाऊस ओसरला तेव्हा काठ्या बुडातून मोडून आडव्या झाल्या होत्या, दोन रोपे पहिल्या फुलोऱ्यापाशी उभी चिरली होती, आणि हिरवी फळे चिखलात रुतून बसली होती. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांचे उभे आयुष्य पानमळ्यात गेले, ते कुंपणावरून हे पाहून म्हणाले, "गुरुजी, येल लावायच्या आधी शेवरी लावत्यात." मिरज तालुक्यातील पानमळ्यांत नागवेलीच्या आधाराला शेवरी, हादगा, शेवगा, पांगारा ही झाडे आधी वाढवितात आणि मग वेल चढवितात, तासगावचा द्राक्षबागायतदार तर मांडवाच्या अँगलला आणि तारेला वेलीइतकाच पैसा ओततो, आणि छाटणीनंतर एका वेलीवर काड्या किती राखायच्या हे बोटांवर मोजतो. आधार आधी आणि वेल मागून, हे तत्त्व कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात कोणी नव्याने शिकवावे अशी परिस्थिती नाही. ते टोमॅटोच्या सरीपर्यंत येऊन पोहोचले नाही, एवढेच.

त्या आधाराचे प्रमाण किती मोठे असते हे आकड्यांत मांडले म्हणजे कळते. चार फुटांच्या सरीच्या हिशेबाने एका एकरात सरीची एकूण लांबी १०,८९० फूट भरते. दर दहा फुटांवर एक डांब म्हटले तरी सुमारे अकराशे डांब लागतात, आणि तारेचे दोनच पदर ओढले तरी साडेसहा किलोमीटरांहून अधिक तार लागते. दोन डांबांमधील दहा फुटांत दहा खोडे उभी असतील आणि ऐन बहरात एकेका खोडावर दोन किलो फळ लटकत असेल, तर बाजारात नेण्याची वीस किलोंची एक भरलेली जाळी त्या दहा फुटांच्या तारेवर अहोरात्र टांगून ठेवल्यासारखे होते. पाला, खोडे आणि पानांवर साचलेले पावसाचे पाणी निराळे. त्याच दहा फुटांत पंचवीस खोडे माजू दिली, तर अडीच जाळ्यांचे ओझे त्याच तारेवर आणि त्याच डांबावर पडणार. पिकाच्या मध्यावर मांडव झुकतो तेव्हा शेतकरी वाऱ्याला बोल लावतो. वास्तविक तो मांडव पडण्याचा मुहूर्त ज्या आठवड्यात बगलफुटी काढणे थांबले त्याच आठवड्यात ठरलेला असतो. म्हणून मी म्हणतो, की खोडांची संख्या मांडवाला विचारून ठरवावी. परसात एकच काठी रोवण्याची ऐपत असेल तर एकच खोड. दोन काठ्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरप्या रोवता आल्या तर दोन खोडे, एकेक काठीला एकेक. तार आणि सुतळीचा मजबूत मांडव असेल, तर प्रत्येक खोडाला वरून सोडलेली स्वतंत्र सुतळी, आणि जितक्या सुतळ्या तितकीच खोडे. सुतळी नाही त्या फुटीला मांडवावर जागा नाही, असा सरळ कायदा केला म्हणजे निवाडा करणे सोपे जाते.

बांधणीचे कामही बारकाव्याचे आहे. कृष्णाकाठच्या एका नातलगाच्या शेतात गेल्या हिवाळ्यात मी दोन दिवस हे काम पाहत बसलो होतो. सकाळचे दव उतरल्यावर, खोडे ताठ आणि फुटी ठिसूळ असतानाच बायका सरीत शिरतात. बोटाच्या दोन पेरांएवढी झालेली बगलफूट अंगठा आणि तर्जनी यांत धरून एका अंगाला कलती केली, की टचकन मोडते आणि जखम लहान राहते. वीतभर वाढू दिली तर कात्री लागते, आणि कात्री एका झाडाचा रोग दुसऱ्याला लावीत जाते. सुतळीचा फास देवनागरी ४ च्या आकड्यासारखा असतो, वरच्या दोन टोकांत काठी आणि खालच्या पोटात खोड, म्हणजे काठी व खोड यांच्यामध्ये सुतळीचीच तिढी येते आणि साल घासत नाही. फासात एक बोट सहज जावे इतका तो सैल, आणि गाठ नेहमी पानाच्या देठाखाली. घोसाखाली मारली तर फळ भरू लागताच देठ कापला जातो. दुपारपर्यंत त्या बायकांची बोटे काळपट हिरवी होतात, आणि ते किटण साबणाला दाद देत नाही. लिंबाची फोड चोळावी लागते. त्या शेताच्या मालकाचा एक दंडक मला फार आवडला. तंबाखू मळून खाणाऱ्या गड्याने हात साबणाने धुतल्यावाचून टोमॅटोच्या सरीत पाय ठेवायचा नाही. निपाणीच्या तंबाखूचे राज्य ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, तेथे हा हुकूम काहींना जाचक वाटेल. परंतु तंबाखूच्या पानावर चट्टे पाडणारा जो विषाणू १८९८ साली बायरिंक या डच शास्त्रज्ञाने जिवाणूहून निराळा रोगकारक म्हणून ओळखला, तो आणि त्याचे सगेसोयरे टोमॅटोलाही ग्रासतात, आणि फूट खुडताना झालेल्या ताज्या जखमेत ते हाताच्या बोटांवरून सहज उतरतात.

खोडांचा आकडा ऋतूप्रमाणे आणि गावाप्रमाणेही बदलला पाहिजे. कोल्हापूर जिल्हा हा पावसाचा जिनाच आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि पूर्वेकडे उतरत उतरत शिरोळला येईपर्यंत तो पाचशे-सहाशेवर येऊन ठेपतो. पावसाळी लागणीत, विशेषतः करवीर-पन्हाळ्याच्या बाजूस, पानांचा ओलावा लवकर सुकणे हेच सर्वांत मोठे औषध आहे. १८४५ साली आयर्लंडात बटाट्याची शेते कुजवून दुष्काळ ओढवून आणणारा उशिरा येणारा करपा हाच टोमॅटोचाही वैरी आहे, आणि दाटीत साचलेला दमटपणा त्याला पोसतो. तेथे एकच खोड, फार तर दोन, आणि मातीपासून हातभर उंचीपर्यंत पाने काढलेली, हेच शहाणपण. याउलट शिरोळ-हातकणंगल्याच्या उन्हाळी पिकात बगला साफ करून झाड उघडे पाडले, तर उन्हाच्या झळीने फळाची साल भाजून पांढरी पडते, आणि तापमान तिशीच्या पुढे टिकून राहिले की लाल रंग नीट न चढता फळ पिवळट-नारिंगी राहते. तेथे दुसरे खोड हे फळांवर धरलेली छत्री ठरते. एकाच पद्धतीचा गजर करीत वर्षभर सर्व तालुक्यांत फिरणे, म्हणजे कोकणातली इरली माणदेशात विकायला नेण्यासारखे आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या पिकाचा भाव २०२३ च्या उन्हाळ्यात तोडणीची मजुरीही सुटू नये इतका पडला होता आणि त्याच वर्षीच्या जुलैत किरकोळ बाजारात किलोला शंभरी ओलांडून गेला, त्या पिकावर मजूर लावून दर आठवड्याला बगला कोणी खुडाव्यात? नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंत यांसारख्या मोठ्या पेठांतही माल रस्त्यावर ओतल्याची दृश्ये आपण पाहिली आहेत. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातही त्याहून निराळे काय घडणार? शेतकऱ्याचा हा प्रश्न रास्त आहे. टोमॅटोला हमीभावाचे कवच नाही, आणि २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात टोमॅटो-कांदा-बटाट्यासाठी ५०० कोटी रुपयांची 'ऑपरेशन ग्रीन्स' योजना जाहीर होऊनही भावाचा हा झोका थांबलेला नाही. खोडे मोजल्याने बाजार सुधारेल, असा दावा मी करणार नाही. परंतु माझ्या मते, ज्याचा भाव आपल्या हाती नाही त्या पिकाचा खर्च तरी आपल्या हाती असावा. आणि रोपे निम्मी, औषध कमी, मांडव मोडण्याची धास्ती कमी, या तिन्ही गोष्टी खोडांच्या मोजणीतून साधतात. मजुरीविषयी म्हणाल, तर नियमाने दर आठवड्याला खुडलेली पेरभर फूट ही महिनाभर रखडलेल्या हातभर फांदीपेक्षा नेहमीच स्वस्त पडते. कारण पहिलीला दोन बोटे लागतात, दुसरीला कात्री, धीर आणि फवारणी.

सरकार आणि विद्यापीठ यांच्याकडून अपेक्षा आहेत त्या माफकच आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने धनश्री, भाग्यश्री यांसारखे वाण महाराष्ट्राला दिले. आता त्याच आस्थेने कोल्हापूरच्या तिन्ही पर्जन्यपट्ट्यांत एक, दोन आणि तीन खोडांचे शेजारी-शेजारी वाफे उभे करावेत, आणि प्रत्येक वाफ्याच्या पाटीवर रोपांच्या संख्येखाली खोडांची संख्याही लिहावी. ठिबकाला अनुदान आहे, आच्छादनाच्या कागदाला आहे, शेडनेटला आहे. त्याच पंक्तीत डांब, तार आणि सुतळी यांनाही मानाचे पान मिळावे. आणि डांब आणायचे कोठून, याचे उत्तर तर जिल्ह्याच्या पश्चिमेलाच उभे आहे. चंदगड, आजरा, भुदरगड, शाहूवाडी या तालुक्यांत बांबू उत्तम येतो, आणि २०१७ साली भारतीय वन कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून तो वगळला गेल्यापासून खासगी जमिनीवरील बांबू तोडण्या-नेण्यातील परवान्याचा जाच पुष्कळ कमी झाला आहे. पश्चिमेच्या डोंगराळ शेतकऱ्याने बांबू लावावा, त्याचे डांब तासून बुडखे डांबरात बुडवावेत, आणि पूर्वेच्या काळ्या रानातील टोमॅटोवाल्याने ते दोन-तीन हंगाम वापरावेत, अशी तजवीज एखाद्या सहकारी संस्थेने मनावर घेतली, तर एकाच जिल्ह्याचे दोन कोपरे परस्परांना आधार देतील. ज्या जिल्ह्याने साखर आणि दूध सहकाराच्या मापात मोजले, त्याला अकराशे डांबांचा हिशेब जड जाण्याचे कारण नाही.

कृष्णाकाठच्या त्या शेतात दुसऱ्या दिवशी मीही एका सरीत बांधणीला बसलो होतो. माझ्या पुढे काम करणाऱ्या बाईने एका रोपापाशी थबकून, पहिल्या घोसाखालची जाडजूड फूट चिमटीत धरली आणि मागे वळून मालकाला हाक मारली, "अण्णा, ह्यो ठिवू का मोडू?" मालक सरीच्या टोकाला होता. त्याने रोपाकडे पाहिलेच नाही, मान वर करून तारेकडे पाहिले, त्या जागी एक सुतळी मोकळी लोंबत होती ती पाहिली, आणि तेथूनच ओरडून म्हणाला, "सुतळी हाय न्हवं? मग ठिव."